बर्फाची नाडी पाहणारा माणूस

ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडून बद्रीनाथला जाणारा यात्रेकरू दर्शन आटोपले की बहुधा माणा गावापर्यंत जातो. व्यास गुंफा पाहतो, भीमपुलावर उभा राहून सरस्वतीचा घोंघावणारा प्रवाह न्याहाळतो आणि माघारी फिरतो. पायात बळ असलेले काही जण वसुधारा धबधबा गाठतात. त्याही पुढे सतोपंथ तलावाची वाट धरणारे थोडेच. तिथे सतोपंथ आणि भगीरथ खरक या दोन हिमनद्या एकमेकींना भेटतात, अलकनंदा उगम पावते आणि साऱ्यांच्या माथ्यावर ७१३८ मीटर उंचीचा चौखंबा चार खांबांवर आभाळ तोलून धरल्यासारखा उभा असतो. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी याच माणा गावाजवळ रस्त्याच्या कामावरील मजुरांच्या वसाहतीवर हिमस्खलन कोसळले आणि आठ मजूर प्राणास मुकले. त्या बातम्या वाचताना महाराष्ट्रातील फार थोड्यांना ठाऊक असेल की, ८६ वर्षांपूर्वी चौखंब्याच्याच अंगावर एका स्विस मोहिमेच्या छावणीवर असाच बर्फ कोसळला होता. त्या मोहिमेचा नेता पुढे जगातील अग्रगण्य हिमस्खलन अभ्यासकांपैकी एक ठरला. त्याचे नाव आंद्रे रॉश.

रॉश यांचा जन्म २१ ऑगस्ट १९०६ रोजी स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा सरोवराच्या काठावरील हेर्मांस या गावी झाला. शिक्षणाने ते अभियंते. पण त्यांच्या पिढीतील अनेक स्विस तरुणांप्रमाणे त्यांचे खरे शिक्षण आल्प्सच्या कड्यांवर आणि उतारांवर झाले. उन्हाळ्यात दोर आणि बर्फाची कुऱ्हाड, हिवाळ्यात पायाला बांधलेल्या लाकडी पट्ट्या, म्हणजे स्की. १९३१ मध्ये रॉबर्ट ग्रेलो या मित्रासह त्यांनी मों ब्लां परिसरातील त्रिओले शिखराची उत्तर भिंत प्रथमच सर केली. उभ्या बर्फाची ती भिंत त्या काळी दुर्गम मानली जाई.

त्याच वर्षी ते अमेरिकेत होते. ऑरेगॉन राज्यातील माउंट हूड या ३४०० मीटरहून उंच ज्वालामुखी पर्वतावर एप्रिल १९३१ मध्ये यालमार व्हाम आणि आर्ने स्टेने या दोन साथीदारांसह ते स्कीवरून चढले आणि स्कीवरूनच उतरले. आज तारेच्या पाळण्यात बसून वर जायचे आणि आखलेल्या, दाबून सपाट केलेल्या मार्गावरून घसरत खाली यायचे, हा स्कीइंगचा सर्वपरिचित प्रकार झाला आहे. तेव्हा तसे नव्हते. स्कीच्या तळाला सीलच्या कातड्याच्या पट्ट्या बांधायच्या. त्या कातड्याची लव मागच्या दिशेने असल्याने पाय पुढे सरकतो, मागे घसरत नाही. तासन्‌तास असे चढायचे, माथ्यावर पट्ट्या सोडायच्या आणि ज्या उतारावर आधी कोणीही पाऊल ठेवलेले नाही त्यावर स्वतःला झोकून द्यायचे. या खेळातला आनंद आणि धोका दोन्ही त्या अस्पर्श बर्फातच असतात. रॉश यांच्या पुढच्या साऱ्या आयुष्याचा धागा तिथे सापडतो.

अमेरिकेशी त्यांचे नाते एवढ्यावर संपले नाही. १९३६-३७ च्या हिवाळ्यात काही उद्योजकांनी कोलोरॅडोत स्कीइंगसाठी योग्य डोंगर शोधून देण्याकरिता त्यांना पाचारण केले. जवळच ॲस्पेन नावाचे गाव होते. १८९३ मध्ये चांदीचा भाव कोसळल्यानंतर तिथल्या खाणी ओस पडल्या होत्या आणि गावाला उतरती कळा लागली होती. रॉश यांनी डोंगर पालथे घातले, अहवाल दिला आणि जाण्यापूर्वी गावालगतच्या डोंगरावर एक मार्ग आखून दिला. गावकऱ्यांनी स्वतःच्या हाताने झाडे तोडून तो मोकळा केला. १९४१ मध्ये तिथे अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धा झाल्या. आज ॲस्पेन हे धनिकांचे जगप्रसिद्ध क्रीडास्थळ आहे. त्या वैभवाचा पाया एका स्विस माणसाच्या पायपिटीने घातला, हे तिथे सुट्टी घालवणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, हा प्रश्नच आहे.

हिमालयाची त्यांची पहिली भेट १९३४ मध्ये घडली. गुंटर डायरेनफुर्थ यांच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेतून ते काराकोरममधील बाल्टोरो हिमनदीवर गेले. तिथे बाल्टोरो कांग्रीच्या एका उपशिखराच्या चढाईत त्यांनी आणि दोन साथीदारांनी सात हजार मीटरच्या आसपास स्कीचा वापर केला. त्या काळी ही अपूर्व गोष्ट होती. चार वर्षांनी, १९३८ मध्ये, त्यांच्या तुकडीने ग्रीनलंडमधील मों फोरेल हे शिखर प्रथमच सर केले. गिर्यारोहकाची कीर्ती मिळवायला एवढे पुरेसे होते.

पुढचे वर्ष मात्र वेगळे निघाले.

स्विस आल्पाइन संशोधन प्रतिष्ठानाने १९३९ मध्ये गढवालला मोहीम पाठवली. नेतृत्व रॉश यांच्याकडे. सोबत डेव्हिड झोग आणि फ्रिट्झ श्टॉयरी हे दोन व्यावसायिक वाटाडे आणि नकाशे तयार करण्यासाठी एर्न्स्ट हूबर. सुरुवात अपेक्षेपेक्षा उत्तम झाली. ५ जुलै रोजी ७०६६ मीटरच्या दुनागिरीवर रॉश, श्टॉयरी आणि झोग पोहोचले. अनेकांना हुलकावणी दिलेले ते शिखर प्रथमच मानवी पावलाखाली आले. त्यानंतर घोरी पर्वत आणि रताबन ही दोन शिखरेही सर झाली. सप्टेंबरमध्ये मोहीम चौखंब्याकडे वळली.

त्या वर्षीचा गढवाल आधीच शोकग्रस्त होता. जुलै महिन्यात पूर्वेकडील तिरसुली शिखरावर पोलिश मोहिमेची छावणी हिमस्खलनाखाली गाडली गेली आणि मोहिमेचे नेते आदाम कारपिन्स्की व त्यांचे सहकारी स्तेफान बेर्नाद्झिकेविच यांचा अंत झाला होता. दोन वर्षांपूर्वी, १९३७ मध्ये, नंगा पर्वतावर एका छावणीतील १६ जण, सात जर्मन आणि नऊ शेर्पा, बर्फाच्या एकाच लोटाखाली संपले होते. हिमालयातील बर्फ आल्प्सच्या हिशोबाने वागत नाही, ही समज हळूहळू आणि फार मोठी किंमत देऊन येत होती. आल्प्समध्ये एखाद्या वाटाड्याला आपल्या खोऱ्यातील प्रत्येक घळ पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक असते. कोणत्या वाऱ्यानंतर कोणता उतार सुटतो, हे तो आजोबांकडून ऐकत मोठा होतो. चौखंब्याच्या उतारांवर कोणाचे आजोबा गेलेले नव्हते.

चौखंब्यावर हिमस्खलन छावणीवर येऊन आदळले आणि दोन भारवाहक मरण पावले. मोहीम तिथेच थांबली. युरोपात तोवर दुसरे महायुद्ध पेटले होते आणि जगाचे लक्ष दुसरीकडे गेले होते. गिर्यारोहणाच्या इतिहासात १९३९ ची स्विस मोहीम तीन शिखरांवरील पहिल्या चढाईसाठी नोंदली जाते. भारवाहकांच्या मृत्यूला त्या नोंदींमध्ये बहुधा एखादी ओळ येते. त्या काळातील बहुतेक मोहिमांबाबत हेच खरे आहे. शिखरावर पोहोचणाऱ्यांची नावे नकाशांच्या समासात राहिली आणि ओझे वाहणाऱ्यांची हिशोबाच्या वहीत. जागा निवडणारे, वेळ ठरवणारे एक, आणि त्या निर्णयाची किंमत मोजणारे बहुतेक वेळा दुसरे, ही विषमता डोंगरावरही होती.

रॉश मायदेशी परतले तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये एक वेगळेच काम आकाराला येत होते. दाव्होसच्या वर, वाइसफ्लूयोख या खिंडीत, सुमारे २६६० मीटर उंचीवर काही तरुण शास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये चक्क बर्फाचीच एक प्रयोगशाळा उभारली होती. हिवाळाभर तिथे राहून ते बर्फाचे कण भिंगाखाली पाहत, थर मोजत, त्यांची मजबुती तपासत. १९४२ मध्ये या उपक्रमाला हिम व हिमस्खलन संशोधन संस्थेचे अधिकृत रूप मिळाले. महायुद्धाच्या काळात सीमेवरील डोंगरांत सैन्य तैनात असल्याने या ज्ञानाची निकड सरकारलाही भासू लागली होती. या संस्थेत रॉश यांनी सुमारे तीन दशके काम केले.

हिमस्खलन म्हणजे डोंगरावरून घरंगळत मोठा होत जाणारा बर्फाचा गोळा, अशी समजूत आपल्याकडे चित्रपटांनी रूढ केली आहे. प्रत्यक्षात माणसे मारणारे हिमस्खलन बहुधा तसे नसते. हिवाळ्यात बर्फ थराथरांनी साचतो. प्रत्येक थराला त्या दिवशीचा वारा, थंडी आणि ऊन यांचा स्वभाव मिळतो. हिवाळ्याच्या आरंभी बर्फाचा थर पातळ असेल आणि कडाक्याची थंडी पडली, तर खालच्या उबदार जमिनीकडून वरच्या गार पृष्ठाकडे वाफ चढू लागते आणि तळाजवळचे कण बदलतात. ते जाड्या साखरेसारखे दाणेदार, सुटे होतात. मुठीत दाबले तरी त्यांचा गोळा होत नाही. सह्याद्रीत मुरमाड घसाऱ्यावरून उतरलेल्याला पायाखालून सरकणाऱ्या दाण्यांची ही भावना नीट कळेल. अशा कमकुवत थरावर नंतर वारा आणि नवा बर्फ एक घट्ट लादी चढवतात. वरून उतार सुरेख, गुळगुळीत, निर्धोक दिसतो. मग एका स्कीपटूच्या वजनाने खालचा थर एका जागी दबतो, तडा क्षणार्धात बाजूला धावतो आणि अख्खी लादी सुटते. तिच्याबरोबर तो माणूसही. अशा अपघातांत सापडणारे बहुतेक जण आपल्या किंवा आपल्या साथीदारांच्याच वजनाने ते स्खलन सुरू करतात.

उताराचा कोन यात कळीचा. साधारण ३० अंशांपेक्षा सौम्य उतारावर लादी सहसा सुटत नाही. फार उभ्या कड्यावर बर्फ साचतच नाही, आधीच झडून जातो. धोका मधल्या पट्ट्यात, ३० ते ४५ अंशांच्या दरम्यान. दुर्दैव असे की स्कीवरून उतरण्याची खरी गंमतही नेमकी याच उतारांवर असते.

रॉश यांच्या कामाचे वैशिष्ट्य म्हणजे त्यांनी हा प्रश्न अभियंत्याच्या पद्धतीने मांडला. पुलाचा खांब तपासताना जसे त्यावर येणारा भार किती आणि तो पेलण्याची ताकद किती हे पाहतात, तसेच बर्फाच्या थराचे. बर्फात खड्डा खणायचा, कमकुवत थर शोधायचा, त्यात धातूची लहानशी चौकट बसवायची आणि तिला जोडलेला स्प्रिंगचा काटा ओढत किती जोराला थर तुटतो ते पाहायचे. ही झाली थराची मजबुती. वरच्या बर्फाच्या वजनामुळे त्या थरावर पडणारा ताण कोनावरून काढता येतो. मजबुतीला ताणाने भागले की एक आकडा मिळतो. १९६० च्या दशकात त्यांनी मांडलेला हा स्थिरता निर्देशांक पुढे अनेक देशांतील संशोधकांनी वापरला, सुधारला.

आणि इथेच त्या आकड्याची मर्यादाही उघड झाली. निर्देशांक एकापेक्षा जास्त, म्हणजे मजबुती ताणाहून अधिक, तर उतार टिकायला हवा. पण तशी मोजमापे मिळालेले उतारही कोसळल्याची उदाहरणे पुढे आली. कारण खड्डा एका जागी खणला जातो आणि उतार शेकडो मीटर पसरलेला असतो. दहा पावलांवर, एखाद्या खडकाआड, वाऱ्याने थर निम्म्यावर आणलेला असू शकतो. खड्ड्यात बर्फ कच्चा निघाला तर मागे फिरायला तेवढे कारण पुरते. पक्का निघाला तर केवळ त्या एका जागेपुरती माहिती मिळते. आयुष्यभर बर्फ मोजलेल्या रॉश यांनी आपल्या विद्यार्थ्यांना आणि वाचकांना सर्वांत जास्त सावध केले ते तज्ज्ञतेच्या घमेंडीपासून.

जानेवारी १९५१ मध्ये आल्प्समध्ये प्रचंड हिमवृष्टी झाली. त्या हिवाळ्यात एकट्या स्वित्झर्लंडमध्ये ९८ जण हिमस्खलनात दगावले. स्कीपटूंपेक्षा त्यात घराघरांत झोपलेली माणसे अधिक होती. त्यानंतर त्या देशाने डोंगरमाथ्यांवर पोलादी अडसर उभारले, जंगले राखली, कुठे घर बांधायचे आणि कुठे नाही याचे नकाशे केले. हिमस्खलन इशारे संस्थेकडून १९४५ पासूनच दिले जात होते, त्यांना आता खरे वजन आले. २०१४ मध्ये माळीण आणि २०२३ मध्ये इर्शाळवाडी डोंगराखाली गाडली गेलेली पाहिल्यानंतर, उतार सुटण्यापूर्वीच तो ओळखण्याच्या या खटाटोपाचे मोल ठाणे-रायगडच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. तिथे बर्फ, इथे पावसाने भिजलेली माती. कोन, थर आणि वजन यांचे गणित मात्र दूरचे नाही.

प्रयोगशाळेत रमले म्हणून रॉश यांनी डोंगर सोडला नाही. युद्ध संपल्यावर १९४७ मध्ये ते पुन्हा गढवालला आले. या वेळी सोबत रने दितेर, आल्फ्रेड सुटर, वाटाड्या अलेक्झांडर ग्रावेन आणि आनेलीस लोनर ही महिला गिर्यारोहक होती. शेर्पांचे सरदार होते वांगदी नोर्बू आणि त्यांच्या हाताखाली तेनझिंग नोर्गे नावाचा तिशीतला शेर्पा. केदारनाथ शिखराच्या पहिल्या प्रयत्नात सुटर आणि वांगदी एकाच दोरावर असताना घसरले आणि खूप खाली कोसळले. वांगदींचा पाय मोडला. त्यांना लगेच खाली नेणे अशक्य असल्याने एका तंबूत ठेवावे लागले. त्या रात्री आपल्याला कायमचे सोडून दिले आहे असे वाटून त्यांनी स्वतःचा जीव घेण्याचा प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी मदत पोहोचली, ते वाचले, पण सरदारपद पेलण्याच्या स्थितीत राहिले नाहीत. ती जबाबदारी तेनझिंग यांच्याकडे आली. ११ जुलै रोजी केदारनाथच्या ६९४० मीटर उंच माथ्यावर जे पोहोचले त्यांत रॉश यांच्याबरोबर तेनझिंगही होते.

१ ऑगस्ट रोजी ७०७५ मीटरचे सतोपंथ सर झाले. दोन आठवड्यांनी देश स्वतंत्र झाला. दिल्लीत मध्यरात्री इतिहास घडत असताना ही परदेशी मंडळी गढवालच्या खोऱ्यांत पुढच्या शिखराची तयारी करत होती. बालबाला आणि नंदा घुंटी ही शिखरे त्याच हंगामात त्यांच्या नावे जमा झाली. चौखंबा या वेळीही राहिला. तो १९५२ च्या जूनमध्ये एका फ्रेंच मोहिमेने सर केला.

रॉश त्या वसंतात आणखी उंच होते. एडुआर वीस-ड्युनां यांच्या नेतृत्वाखालील स्विस मोहीम एव्हरेस्टवर नेपाळच्या बाजूने गेली. खुंबूचा हिमप्रपात ओलांडून वेस्टर्न कूममार्गे साउथ कोलला पोहोचणारी ती पहिली मोहीम. त्या चढाईतील एक सोंड आजही जिनिव्हा स्पर म्हणून ओळखली जाते. २८ मे १९५२ रोजी रेमों लाम्बेर आणि तेनझिंग सुमारे ८६०० मीटरपर्यंत गेले आणि परतले. पुढच्या वर्षी याच वाटेने तेनझिंग आणि हिलरी माथ्यावर पोहोचले. केदारनाथपासून सुरू झालेला स्विस गिर्यारोहकांचा आणि तेनझिंग यांचा स्नेह त्या यशामागे होता, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांत येत नाही. रॉश यांचे नाव तर नाहीच.

पुढे त्यांनी अनेक पुस्तके लिहिली, डोंगरांची छायाचित्रे काढली, जलरंगांत चित्रे रंगवली, देशोदेशी सल्ला दिला. अमेरिकेच्या वनखात्यासाठी १९४९ मध्ये त्यांनी पश्चिमेकडील स्कीस्थळांची पाहणी केली होती आणि तिथल्या हिमस्खलन नियंत्रणाच्या घडणीला त्याचा हातभार लागला. भारतात हा अभ्यास संस्थात्मक रूपात आला तो १९६९ मध्ये, मनालीजवळ संरक्षण खात्याच्या हिम व हिमस्खलन अध्ययन संस्थेच्या स्थापनेने. ती संस्था २०२० मध्ये चंडीगढच्या संरक्षण भू-माहितीशास्त्र संस्थेत विलीन झाली आणि तिथून आज हिमालयाच्या वेगवेगळ्या भागांसाठी इशारे दिले जातात.

इशारे ऐकले जातात का, हा वेगळा विषय. १ फेब्रुवारी २०२३ रोजी गुलमर्गच्या अफरवत उतारांवर दोन पोलिश स्कीपटूंचा बळी गेला. त्याआधी ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक द्रौपदी का डांडा शिखरावर हिमस्खलनात सापडले आणि २० हून अधिक जण दगावले. संस्था नामवंत, हंगाम नेहमीचा, शिखर दरवर्षी चढले जाणारे. ठाणे जिल्ह्यातील अनेक तरुण गिर्यारोहणाचे पहिले धडे याच उत्तरकाशीत किंवा मनालीत घेतात. गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या १५ मिनिटांच्या आत बाहेर काढले तर तो वाचण्याची शक्यता मोठी असते, त्यानंतर ती झपाट्याने घसरते. म्हणून शोधक यंत्र, लांब सळई आणि फावडे प्रत्येकाच्या पाठीवर असावे, हे त्यांना शिकवले जाते. खाली वसलेल्या गावातून मदत येईपर्यंत ती १५ मिनिटे केव्हाच संपलेली असतात.

आंद्रे रॉश यांचे १९ नोव्हेंबर २००२ रोजी वयाच्या ९६ व्या वर्षी निधन झाले. ज्या खेळात आणि ज्या शास्त्रात त्यांच्या ओळखीची कितीतरी माणसे तरुणपणीच बर्फाखाली गेली, त्यात त्यांना दीर्घायुष्य लाभले. ॲस्पेनच्या डोंगरावरील एका उतारावर त्यांचे नाव आहे. चौखंब्यावर मरण पावलेल्या त्या दोन भारवाहकांच्या नावाचा उतार, धार किंवा खिंड गढवालच्या नकाशावर नाही.